औषधाला दाद न देणारे जंतू: मुंबईतल्या घरांसाठी पायरीपायरीने

“डॉक्टर, माझ्या अंगाला आता साध्या गोळ्यांची सवय झालीय, जरा हायर काहीतरी द्या.” वॉर्डात हे वाक्य रोज कानावर पडतं आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पण सवय अंगाला होत नसते. अँटिबायोटिकला न जुमानण्याची ताकद जंतूत येते, आणि जंतू काही एकाच माणसात मुक्काम ठोकून बसत नाही. हातावरून, पाण्यातून, संडासातून, रुग्णालयातल्या खाटेवरून तो पुढच्याकडे जातो. म्हणूनच ज्या आजींनी वर्षानुवर्षं एकही अँटिबायोटिक घेतलेलं नाही, त्यांच्या लघवीतही सात-आठ औषधांना दाद न देणारा जंतू सापडतो. चार दिवसांच्या बाळाच्या रक्तातही सापडतो.

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात संसर्ग नियंत्रण बघणारी मी सिस्टर आहे. ‘अँटिबायोटिक जपून वापरा’ हे आता सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. ‘असा जंतू अंगावर आला असेल तर तो पुढे कसा देऊ नये’ हे मात्र रुग्णाच्या घरच्यांना कुणी नीट बसून सांगत नाही. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या धावपळीत ते राहूनच जातं. खाली दोन्ही गोष्टी आहेत, पण माझा जीव दुसरीत जास्त अडकलेला आहे.

आधी समजून घ्या: जंतू शिरजोर होतो कसा

अँटिबायोटिक पोटात गेलं की त्याला बळी पडणारे जंतू मरतात. ज्यांच्याकडे बचावाची काही सोय असते ते उरतात, आणि त्यांना आता जागा मोकळी, अन्न मुबलक. ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला नेहमीचा जंतू सगळं अनुकूल असेल तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. बचावाच्या तऱ्हाही निरनिराळ्या. कुणी औषध तोडणारं विकर (एन्झाइम) तयार करतं, कुणी आत शिरलेलं औषध पंपासारख्या यंत्रणेने बाहेर टाकतं, तर कुणी औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलतं.

त्याहून वाईट म्हणजे ही विद्या ते एकमेकांना देतात. प्लाझ्मिड नावाचा डीएनएचा छोटा गोल तुकडा एका जंतूतून दुसऱ्यात जातो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूतही. परीक्षेत कॉपीची चिठ्ठी बाकाबाकांवरून फिरावी तसा. एकाच चिठ्ठीवर चार-पाच औषधांची उत्तरं लिहिलेली असतात. त्यामुळे खोकल्यासाठी उगाच घेतलेली गोळी आतड्यातल्या जंतूंना भलत्याच औषधाविरुद्धही तयार करू शकते.

रिपोर्टवर दिसणारी नावं ओळखीची असावीत म्हणून थोडक्यात सांगते. ‘ईएसबीएल’ लिहिलं असेल तर त्या जंतूकडे सेफिक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांसारखी औषधं तोडणारं विकर आहे. ‘कार्बापेनेमेज’ किंवा ‘एनडीएम’ असेल तर आयसीयूतलं मेरोपेनेमही निकामी होतं. मग कोलिस्टिनसारखी जुनी, मूत्रपिंडावर जड जाणारी औषधं काढावी लागतात. ‘एमआरएसए’ हा मुख्यतः त्वचेवरचा, पू करणारा जंतू.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, देशभरातल्या मोठ्या रुग्णालयांतून याची आकडेवारी गोळा करते. २०१७ मध्ये इमिपेनेम हे राखीव समजलं जाणारं औषध ई. कोलायच्या शंभरातल्या सुमारे ऐंशी नमुन्यांवर चालत होतं. पुढच्या पाच-सहा वर्षांत हा आकडा साठीच्या घरात आला. जगभरात २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा संसर्गांमुळे झाल्याचा अंदाज आहे.

पहिली पायरी: गोळी लागते का, हे आधी ठरवा

सर्दी, नाक वाहणं, बहुतेक घसादुखी, फ्लू, डेंग्यू ही सगळी विषाणूंची दुखणी. अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही. हिरवट-पिवळा शेंबूड आला म्हणजे अँटिबायोटिक सुरू करायचं, हा समजही चुकीचा आहे. पातळ जुलाबांत बहुतेक वेळा ओआरएस हेच खरं औषध आणि लहान मुलांना सोबत चौदा दिवस झिंक. तरी आपल्याकडे जुलाब लागले की पहिली आठवते ती ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी. ओआरएसची पुडी नंतर, तीही आठवली तर.

मात्र काही वेळा थांबायचं नसतं. धाप लागणं, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, लघवी खूप कमी होणं, हातपाय गार पडणं, शौचातून रक्त, तापात हुडहुडी भरून अंग थरथरणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. यातलं काहीही दिसलं तर घरी विचार करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. तिथे पहिल्या तासात अँटिबायोटिक सुरू करणं जीव वाचवतं. जपून वापरा याचा अर्थ गरज असताना टाळा असा नाही.

दुसरी पायरी: मेडिकलच्या काउंटरवर

रात्री नऊ वाजता कुठल्याही मेडिकलसमोर दहा मिनिटं उभे राहा. “काका, अझिथ्रो पाचशेच्या तीन द्या,” असं म्हणत कुणीतरी येतंच. चिठ्ठी नसते, नाव विचारलं जात नाही, कात्रीने पट्टी कापून तीन गोळ्या हातात पडतात. पट्टीवरची उभी लाल रेघ त्या कात्रीखालीच जाते. ती रेघ ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ हे सांगण्यासाठी छापलेली असते आणि केंद्र सरकारने २०१६ मध्ये तिच्याविषयी मोहीमही काढली होती. तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन (सेफिक्झिमसारखी), कार्बापेनेम (मेरोपेनेमसारखी), टीबीची औषधं ही औषध नियमांच्या ‘एच-वन’ परिशिष्टात आहेत. १ मार्च २०१४ पासून ती विकताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपणं दुकानदाराला बंधनकारक आहे. वही मागितली म्हणून दुकानदार तुमच्यावर रागावला, तर दुकान बदला.

चाळीत, वस्तीत दवाखाना चालवणारे बरेच डॉक्टर कागदाच्या पुडीत रंगीत गोळ्या बांधून देतात. त्यांचा हातगुण मी नाकारत नाही. पण त्या पुडीत अँटिबायोटिक होतं का आणि कुठलं, हे कळल्याशिवाय पुढच्या डॉक्टरांना काही सुचत नाही. “डॉक्टर, गोळ्यांची नावं तेवढी कागदावर लिहून द्या,” असं नम्रपणे सांगा. वेळ लागतो अर्धा मिनिट, आणि आठ दिवसांनी रुग्णालयात यायची वेळ आली तर त्या कागदाचं मोल फार मोठं असतं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीन-चारच आहेत. हे बॅक्टेरियाचं दुखणं वाटतं का? गोळी सुरू करण्याआधी कल्चर लावायचं का? किती दिवस घ्यायची? दोन दिवसांत बरं वाटलं नाही तर काय करायचं?

तिसरी पायरी: पहिल्या डोसाआधी कल्चर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं पुढचं यावर उभं आहे.

कल्चर म्हणजे तुमच्या लघवीतला, रक्तातला किंवा पूमधला जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्याला एकेक औषध लावून बघणं. आमच्या लॅबमध्ये फिकट पिवळ्या जेलीच्या ताटलीवर जंतू पसरतात आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या गोल टिकल्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी ताटली उजेडात धरली की सगळा निकाल समोर असतो. जिथे औषध चालतं तिथे टिकलीभोवती स्वच्छ गोल राहतो, जंतू जवळ फिरकलेला नसतो. जिथे चालत नाही तिथे पांढुरकी वाढ थेट टिकलीच्या काठाला येऊन भिडते. बारा टिकल्यांपैकी दहांभोवती अशी भिडलेली वाढ मी कितीदा पाहिली आहे. आता बऱ्याच ठिकाणी हे काम मशीन करतं, तत्त्व तेच.

नमुना गोळी सुरू झाल्यावर दिला तर जंतू अर्धमेले होतात, वाढत नाहीत, रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो आणि आजार तसाच. म्हणून आधी नमुना, मग डोस. (ज्या गंभीर अवस्था वर सांगितल्या, त्यांत नमुना घ्यायला वेळ जातोय म्हणून डोस थांबवत नाहीत.)

लघवीचा नमुना देताना आधी जागा पाण्याने धुऊन घ्या. पहिली धार सोडून द्या, मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत धरा. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. घरातली जॅमची धुतलेली बाटली चालत नाही. डबी दोन तासांत लॅबला पोचवा. अंधेरीहून परळला निघालात आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावर अडकलात तर दोन तास सहज जातात, तेवढ्यात बाहेरून आलेले जंतूही भरमसाठ वाढतात. त्यामुळे जवळच्या केंद्रावर द्या. उशीर होणारच असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या रुग्णाचा नमुना पिशवीतून कधीच घ्यायचा नाही. तो सिस्टरने नळीवरच्या ठरलेल्या जागेतून सिरिंजने घ्यायचा.

ताप टायफॉइडचा वाटत असेल तर पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर सर्वांत उपयोगी. एकुलत्या एका विडाल टेस्टवर विसंबून सलाईन लावून घेऊ नका. जुन्या संसर्गामुळेही ती पॉझिटिव्ह दाखवते. ब्लड कल्चरसाठी दोन वेगळ्या जागांवरून रक्त घेतलं आणि प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर घातलं तर “एवढं रक्त कशाला?” म्हणून सिस्टरवर ओरडू नका. रक्तात जंतू विरळ असतात, कमी रक्तात ते हाती लागत नाहीत.

आता रिपोर्ट. तो यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. प्रत्येक औषधापुढे एस, आय किंवा आर हे इंग्रजी अक्षर असतं. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे चालणार नाही, आय म्हणजे मधली अवस्था, जास्त डोसात किंवा औषध जिथे साठतं अशा जागी चालू शकेल. शेजारी एमआयसीचा, म्हणजे जंतूची वाढ रोखायला कमीत कमी किती औषध लागतं त्याचा, आकडा असेल तर दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी, लहान आकडा म्हणजे जास्त चांगलं औषध असं होत नाही. तीन-चार प्रकारचे जंतू मिळून वाढले असतील तर बहुधा नमुनाच बिघडलेला असतो, पुन्हा द्या.

आणि हे फार महत्त्वाचं: रिपोर्टवर जंतू आला म्हणजे उपचार हवेतच असं नाही. वयस्कर माणसाच्या किंवा कॅथेटर असलेल्याच्या लघवीत जंतू सापडतात, पण ताप नाही, जळजळ नाही, ओटीपोटात दुखत नाही. अशा वेळी कागदावर इलाज करायचा नसतो. गर्भवती आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण हे अपवाद. लघवीची साधी जळजळ असेल आणि जंतू ईएसबीएल निघाला, तरी घाबरून थेट इंजेक्शनकडे धावायची गरज नसते. नायट्रोफ्युरँटोइन, फॉस्फोमायसिन ही जुनी औषधं अनेकदा अजून चालतात. रिपोर्टमध्ये ती आहेत का, हे डॉक्टरांना विचारा.

चौथी पायरी: डोस, दिवस आणि उरलेली पट्टी

ठरलेला डोस, ठरलेल्या वेळी, डॉक्टरांनी सांगितले तेवढे दिवस. स्वतःच्या मनाने थांबवायचं नाही आणि ‘अजून थोडं अंग दुखतंय’ म्हणून आणखी पाच दिवस लांबवायचंही नाही. आता कित्येक आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे कोर्स पुरतात, त्यामुळे मागच्या वेळची चिठ्ठी या वेळी चालवू नका. जाऊबाईंना लागू पडली म्हणून तीच गोळी आपण घेणं, हे तर नकोच.

पाचवी पायरी: रुग्णालयात असताना

दाद न देणारे जंतू सर्वांत जास्त भेटतात ते आयसीयूत आणि मोठ्या वॉर्डांत, कारण तिथे अँटिबायोटिक सतत चालू असतात आणि एकाच हाताखाली अनेक रुग्ण असतात. त्यांचं मुख्य वाहन म्हणजे हात. डॉक्टरांचे, सिस्टरचे, मावशींचे आणि भेटायला येणाऱ्यांचेही.

आपल्याकडे माणूस भेटायला येतो तो खाटेवर टेकतो, पर्स उशाशी ठेवतो, रुग्णाच्या हातात मोबाइल देऊन गावच्या काकांशी व्हिडिओ कॉल लावून देतो, मग शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची आपुलकीने चौकशी करून त्यांच्याही पाठीवर हात फिरवतो. यामागचं प्रेम मला कळतं. पण त्या पंधरा मिनिटांत एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेवर, पर्सवर आणि पर्समधून घरच्या ओट्यावर गेलेले असतात. खुर्चीवर बसा. आत येताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा सॅनिटायझर लावा. आपल्या रुग्णाशिवाय कुणाला हात लावू नका. घरी गेल्यावर मोबाइल पुसा. लहान मुलांना आणू नका.

डॉक्टर किंवा सिस्टर तुमच्या रुग्णाला हात लावण्याआधी सॅनिटायझर लावतात का, ते बघा. नाही लावलं तर “सिस्टर, हात सॅनिटाइझ करता का जरा?” एवढं म्हणा. मी स्वतः सिस्टर आहे, मला कुणी असं म्हटलं तर राग येत नाही. धावपळीत राहून जातं, आठवण केलेली बरी. जुलाब चालू असलेल्या रुग्णाजवळ मात्र साबण-पाणीच हवं. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाच्या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत.

कॅथेटरविषयी वेगळं सांगायला हवं. लघवीची नळी जितके दिवस आत, तितका संसर्गाचा धोका वाढतो, दर दिवसाला अंदाजे ३ ते ७ टक्क्यांनी. रोज सकाळी राउंडला एकच प्रश्न विचारा: “आज नळी काढता येईल का?” पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीवर टेकलेली नको. एक्स-रेसाठी व्हीलचेअरवरून नेताना ती पिशवी रुग्णाच्याच मांडीवर ठेवलेली मी कितीदा पाहते. पिशवीतली शिळी लघवी नळीतून उलटी आत जाते आणि दोन दिवसांनी ताप चढतो. ती खुर्चीच्या खालच्या दांडीला अडकवायची, आणि हे लक्षात ठेवायचं काम नातेवाइकांनाही करता येतं. सलाईनची सुई, मानेतली नळी यांनाही तोच प्रश्न लागू: अजून गरज आहे का?

सहावी पायरी: असा जंतू घेऊन घरी आलात तर

डिस्चार्ज कार्डावर ईएसबीएल, कार्बापेनेम-प्रतिरोधक क्लेब्सिएला किंवा एमआरएसए असं लिहिलेलं असतं आणि घरचे दोन टोकं गाठतात. एक तर कुणी त्याकडे बघत नाही, नाही तर सुनेने आजींचं ताट-वाटी वेगळी करून त्यांना कोपऱ्यातल्या खोलीत बसवलेलं असतं. दोन्ही नको. बरा झालेला माणूस असे जंतू आतड्यात किंवा त्वचेवर महिनोनमहिने बाळगू शकतो, त्याला काही त्रास नसतो. तो ‘वाहक’ असतो. त्याच्याजवळ बसणं, जेवणं, नातवाला मांडीवर घेणं यात अडचण नाही. निरोगी माणसाच्या आतड्यात असा जंतू गेला तरी बहुधा लगेच आजार होत नाही. सांभाळायचं ते तान्ह्या बाळाला, केमोथेरपी किंवा डायलिसिस चालू असलेल्याला, उघडी जखम असलेल्याला.

करायच्या गोष्टी साध्या आहेत, पण रोजच्या रोज. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाला हात घालण्याआधी साबणाने वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा. रुग्णाचा टॉवेल, रेझर, कंगवा वेगळा. भांडी वेगळी करू नका, नेहमीच्या साबणाने घासली की पुरे. विष्ठा, पू लागलेले कपडे बाकीच्यांत न मिसळता गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळत घाला. संडासाची सीट, फ्लशचं बटण, नळाची चावी, दाराची कडी ब्लीचच्या द्रावणाने पुसा. पण ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड कधीही एकत्र ओतू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये ते जिवावर बेतू शकतं. चाळीत संडास सामाईक असेल तर कड्यांवर नियंत्रण ठेवता येत नाही. तिथे हातच धुवायचे, तेवढंच आपल्या हातात. एमआरएसएचं गळू असेल तर ते ड्रेसिंगने पूर्ण झाकलेलं ठेवा आणि घरी पिळू नका.

ब्युरोतून बाई किंवा ब्रदर ठेवला असेल तर पहिल्याच दिवशी त्यांना मोकळेपणाने सांगा. त्यांच्यापासून हे लपवून ठेवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, कारण इथून सुटल्यावर त्या दुसऱ्या घरच्या आजारी माणसाकडे जाणार असतात. ग्लोव्हजचा डबा घरात आणून ठेवा. लघवीची पिशवी रिकामी करताना वेगळं भांडं, पिशवीची तोटी भांड्याला टेकवायची नाही, ग्लोव्हज काढले की पुन्हा हात धुवायचे. डायपर बदलल्यावर तेच.

आणि एक गोष्ट कधीच चुकवू नका. पुन्हा कुठल्याही रुग्णालयात जाल तेव्हा फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात जंतूचं नाव आणि तारीख लिहिलेली असू द्या. तोंडीही सांगा. कळलं तर आम्ही खाट निवडताना विचार करतो, अँटिबायोटिक योग्य निवडतो. न कळल्यामुळे शेजारच्या खाटेवरचा, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलेला धडधाकट माणूस तो जंतू घेऊन घरी जातो.

सातवी पायरी: पाणी आणि ताट

मुंबईत पाणी ठरावीक वेळीच येतं. पाणी बंद असताना पाइपातला दाब उतरतो आणि जिथे गळती आहे, बाजूने गटार वाहतंय, तिथे मैला आत शोषला जातो. पाणी आल्यावर पहिली धार धुण्याभांड्यांसाठी काढा, पिण्याचं नंतर भरा. पावसाळ्यात उकळूनच प्या. सोसायटीने टाकी कधी धुतली, हे सर्वसाधारण सभेत विचारणं वायफळ नाही. टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस मुलांना द्या. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ती मोहीम म्हणून दिली होती. जो आजार झालाच नाही त्याला अँटिबायोटिक लागत नाही, लशींचा हा फायदा फारसा कुणी मोजत नाही.

कोंबड्यांना वाढीसाठी अँटिबायोटिक देण्याची पद्धत हा जंतू घडवणारा मोठा कारखाना आहे. कोलिस्टिन तशा वापरासाठी २०१९ मध्ये देशात बंद केलं गेलं. स्वयंपाकघरात आपण एवढं करू शकतो: कच्चं चिकन जोराच्या नळाखाली धुऊ नका, शिंतोडे कोथिंबिरीपर्यंत उडतात. त्याची सुरी आणि पाट वेगळा. पूर्ण शिजवा, रस गुलाबी दिसायला नको. शिजलेल्या चिकनमध्ये हे जंतू जगत नाहीत.

पावसात हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालत गेलात, तर एक अँटिबायोटिक आजाराआधी घ्यायचं असू शकतं: लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन. २६ जुलै २००५ च्या ९४४ मिलिमीटर पावसानंतर या शहराने लेप्टोची मोठी साथ पाहिली आहे. पण तेही मेडिकलमधून परस्पर नाही. ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात दाखवा, पायाला जखम होती का, किती वेळ पाण्यात होतात, हे विचारून डॉक्टर ठरवतात. गर्भवती आणि लहान मुलांना हे औषध सहसा देत नाहीत.

आठवी पायरी: दोन आठवड्यांचा खोकला

टीबीचा जंतूही अँटिबायोटिकला दाद न देणारा होतो, आणि मुंबईचं या बाबतीतलं दुखणं जुनं आहे. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस, तपासलेल्या सगळ्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण नोंदवले. त्या प्रकाराला काय म्हणावं यावरून सरकारशी वाद झाला, पण शहराच्या टीबी यंत्रणेला जाग आली ती त्यानंतरच, असं माझं मत आहे.

खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, तर लिव्होफ्लॉक्सासिनची गोळी घेऊ नका. ती टीबीच्या जंतूवर अर्धवट काम करते. चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि मधल्या काळात जंतू त्या औषधाला सरावतो. आधी बेडका तपासा. सकाळी चूळ भरून, उघड्या जागी, छातीतून खोल खाकरून. थुंकी नको, बेडका हवा. सीबीनॅट तपासणी काही तासांत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध चालेल का हे सांगते. पालिकेच्या दवाखान्यात हे सगळं मोफत आहे. औषधंही मोफत, आणि निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये मिळतात. दाद न देणाऱ्या टीबीवर पूर्वी वीस महिन्यांपर्यंत उपचार चालायचे. आता बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांचा सहा महिन्यांचा कोर्स बऱ्याच रुग्णांना देता येतो.

टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. खिडकी उघडी ठेवणं, रुग्णाने मास्क लावणं, घरच्यांची तपासणी हे खरे उपाय. गोवंडीतल्या पुनर्वसन इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही. तिथल्या घरांच्या अभ्यासात हवा-उजेडाचा अभाव आणि टीबी यांचा संबंध २०१८ मध्ये समोर आला. तिथे राहणाऱ्याला ‘खिडकी उघडा’ सांगताना मला अवघडायला होतं, कारण खिडकीसमोर तीन मीटरवर दुसरी भिंत असते. ही गोष्ट औषधाने सुटणारी नाही, ती नकाशे मंजूर करणाऱ्यांना विचारायला हवी.

घरातला गोळ्यांचा डबा

शेवटी आज संध्याकाळी करता येईल असं काम. औषधांचा डबा काढा आणि लाल रेघेच्या अर्धवट पट्ट्या बाजूला करा. गणपतीला गावी निघताना ‘असू द्यात, तिकडे डॉक्टर नसतो’ म्हणून ज्या पिशवीत पडतात आणि परतताना वहिनींकडे ठेवून येतो, त्या याच. गावी न्यायचं असेल तर ओआरएसच्या पुड्या, पॅरासिटामॉल आणि थर्मामीटर न्या. उरलेली अँटिबायोटिक संडासात किंवा मोरीत टाकू नका. ती गटारात जातात आणि तिथल्या जंतूंना रोज थोडं थोडं औषध मिळत राहतं. तुमच्या सोसायटीत पालिकेची सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्याची वेगळी पिशवी उचलली जात असेल, तर त्यात द्या. ती सोय नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून वापरलेल्या चहापत्तीत कालवा, पिशवीला घट्ट गाठ मारा आणि सुक्या कचऱ्यात टाका. रिकाम्या पट्टीवरचं नाव मार्करने खोडा, म्हणजे कचरा वेचणाऱ्या कुणाच्या हाती ती पुन्हा औषध म्हणून जाणार नाही.